पाण्याखालच्या लेकाला धाडलेला निरोप

आमच्या गावात फौज म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. कोण कुठल्या बॉर्डरला आहे, तिथं बर्फ किती पडतो, सुट्टी कधी मंजूर होते, हे बायका धुणं धुता धुता सांगतील. मलकापूरपासून जवळच, उसाच्या पट्ट्यातलं आमचं गाव, आणि घरटी एक तरी माणूस लष्करात गेलेला. आमचे मालक हवालदार होऊन घरी आले. पण धाकटा लेक नेव्हीत गेला आणि तिथून पाणबुडीवर लागला, तेव्हा मात्र मला विचारायला कोणी उरलं नाही. पाण्याखाली नोकरी करणारा माणूस गावात दुसरा नव्हताच.

पहिल्या सुट्टीला आला तेव्हा मी त्याला मळ्यात गाठलं. विहिरीच्या काठावर बसून पेरू खात होता, एक मलाही दिला.

"किती खोल जाता रं तुमी?"

"लय खोल."

"आसं न्हाई. ही हीर आठ परस हाय. हिच्यापरीस किती?"

परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. आमच्याकडं विहीर अजून तशीच मोजतात, एकावर एक माणसं उभी केल्यासारखी.

तो हसायला लागला. "आई, तुझी हीर आमी नुसतं बुडी मारताना मागं टाकतो."

"मग बोअरएवढं? आपल्या बोअरला चारशे फुटावर पाणी लागलं."

"त्याच्या पण खाली जाता येतं. पण आकडा इचारू नकोस. आकडा सांगत न्हाईत."

"मला बी न्हाई?"

"तुला तर अजिबात न्हाई. तू दळपाच्या गिरणीत सांगशील."

खरंच होतं ते, मी सांगितलंच असतं. आकडा दिला नाही, पण एक गोष्ट दिली त्यानं. वर असताना बोटीच्या आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणून बांधायची. बोट खाली खाली गेली की तीच दोरी मधे सैल पडते, झोळ येतो तिला. म्हणजे पाणी बाहेरून लोखंड दाबतंय आणि भिंती एकमेकींकडं सरकल्यात. त्याला गंमत वाटत होती सांगताना. माझ्या हातातला पेरू तसाच राहिला.

मग आकडा मीच शोधला. सुनेनं मोबाईलवर लावून दिलं आणि मी एकामागून एक व्हिडिओ बघितले. आत्ताच्या लष्करी पाणबुड्या साधारण तीनशे मीटरपर्यंत जातात म्हणे. अणुशक्तीवर चालणाऱ्या आणखी खाली, चारशे-पाचशे. रशियाची एक होती टायटॅनियमची, ती तर हजार मीटरच्याही खाली जाऊन आली. आणि दर दहा मीटरला अख्ख्या आभाळातल्या हवेएवढा भार अंगावर वाढत जातो. खरा आकडा कुठलाच देश सांगत नाही, जे सांगतात ते कमी करूनच, असंही तो व्हिडिओवाला म्हणाला. म्हणजे एवढं बघूनही मी होते तिथंच. तीनशे मीटर म्हणजे आमच्या बोअरच्या दुपटीहून जास्त, एवढं कळलं आणि त्यानं झोप गेली ती गेलीच.

तो समुद्रात गेला की फोन बंद. किती दिवस, कुठं, परत कधी, काही विचारायचं नाही. घरी बसून आपण भाकरी थापायच्या.

गेल्या खेपेला तो असाच गेलेला होता आणि सून नातवाला घेऊन आमच्याकडं आली होती. तिचं माहेर आष्ट्याचं. तिच्या भावाच्या, म्हणजे मामाच्या मांडीवर बसवून पोराचं जावळ काढायचं ठरलं होतं. बोकड बघून ठेवला, आचारी सांगून ठेवला. आणि आमच्या मालकांनी ऐनवेळी फाटा फोडला.

"बाप नगं जावळाला?"

मी म्हटलं, "जावळ मामाच्या मांडीवर काढत्यात. बापाचं काय काम?"

"काम न्हाई म्हणून बोलवायचंच न्हाई? उद्या पोरगं बापाला काका म्हणंल, मग बसा!"

मी हसून सोडून दिलं. माणूस मनात काय शिजवतोय ते मला कळायला हवं होतं.

आता इथं एक सांगायला पाहिजे. आमच्याकडच्या फौजी घरांत एक जुनी रीत आहे. सुट्टी मिळेना, आणि घरी लग्न आहे, ऊस तोडायला आलाय, जत्रा आहे, की घरून तार जायची: आई सीरियस, ताबडतोब निघा. साहेबांनाही ठाऊक असायचं, पण तार हातात असली की सोडावं लागायचं. आमच्या सासूबाई तर दर जत्रेला सीरियस व्हायच्या. मालक तीन दिवस रेल्वेनं येऊन पोचायचे तेव्हा त्या अंगणात शेंगा फोडत बसलेल्या. "आलास व्हय रं? बस, च्या ठेवते." यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. आई सीरियस म्हणजे सुट्टीचा अर्ज, एवढाच अर्थ.

तर त्या सकाळी मी परसात चुलीवर पाणी तापवत होते आणि माझा मोबाईल वाजला. हिंदीतून एक बाई बोलत होत्या, आवाज फार गोड. लेकाच्या बेसवरून बोलते म्हणाल्या. "माताजी की तबियत अब कैसी है?"

मी म्हटलं, "कौनसी माताजी?"

"जी, उनकी माताजी. जो सीरियस हैं."

"सीरियस? कोन सीरियस? उसकी माताजी तो मैं हूँ!"

पलीकडून त्या अगदी जपून म्हणाल्या, "आप… ठीक हैं?"

"मैं एकदम ठीक हूँ बाई. पानी गरम कर रही हूँ."

हसू येतं ना आता वाचताना? मलाही पुढं कधीतरी आलं. पण त्या बाई पुढं जे म्हणाल्या ते ऐकून मी चुलीपाशी खालीच बसले. घरच्यांसाठी दिलेल्या नंबरावर आदल्या दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन आला होता. आई अत्यवस्थ आहे, मुलाला पाठवा. तो निरोप बोटीकडं सोडला गेला होता. कुठलं हॉस्पिटल, काही मदत हवी का, एवढंच विचारायला त्यांनी फोन केला होता.

"वापस लो वो निरोप," मी म्हटलं.

"दूसरा भेज देंगे, माताजी, कि आप ठीक हैं. लेकिन पहला मिल गया या नहीं, ये हम नहीं बता सकते."

मी तशीच ओल्या हातानं ओट्यावर आले. मालक दाढी करत होते.

"आवं, मी कवापासून सीरियस हाय?"

त्यांचा हात थांबला. "आलं का त्यांचं? सोडत्यात म्हणाले का?"

"सोडत्यात? कुठनं सोडत्यात? समुद्राच्या बुडातनं? तिथं काय ष्टेशन हाय का, फुकट प्रवासाचं वारंट घेतलं आन् बसला रेल्वेत!"

"आगं, पण आमच्या टायमाला…"

"तुमच्या टायमाला तुमी जमिनीवर हुता!"

साबण त्यांच्या गालावरच वाळला. त्यांना खरंच सुचलं नव्हतं ते, हे मला त्यांच्या तोंडावरून दिसलं, आणि म्हणून मला पुढं धड भांडताही येईना.

पण घरात बसवेना. निरोप पोचला की नाही, हे कोणीतरी सांगावं. दुसऱ्याच दिवशी मी मालकांना उठवलं आणि एसटीनं साताऱ्याला नेलं. माजी सैनिकांच्या कॅन्टीनला नेव्हीतले एक रिटायर गृहस्थ येतात, हे त्यांनीच मागं कधी सांगितलं होतं. स्टँडवरून रिक्षा केली. रांगेत गृहस्थ सापडले, पिशवीत तेलाचा डबा आणि साबणाच्या वड्या घेऊन उभे. मी सगळं सांगितलं. मालक खाली बघत उभे.

ते म्हणाले, "वहिनी, मी जहाजावर होतो, पाणबुडीवर नाही. पण एवढं माहीत आहे. पाण्यात रेडिओ फार खाली जात नाही. लांब लाटांचा निरोपसुद्धा वरच्या थोड्याशा पाण्यातच पोचतो. बोट खोल गेली की ती बहिरी. मधून मधून वरच्या अंगाला येऊन ऐकून जावं लागतं."

"म्हंजे खोल असंल तर न्हाई कळलेलं?"

"खोल असेल तर नाही. आणि आता वर येईल तेव्हा दोन्ही निरोप एकदमच मिळतील. मग काळजी नाही."

"आन् मधल्या दिवसात वर येऊन गेला असंल तर?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तर पहिलाच ऐकून खाली गेला."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी काय करत होते सांगू? इतके महिने देवाला म्हणत होते, माझ्या लेकराला फार खाली नेऊ नको. आता म्हणत होते, ने. अजून ने. आणखी शंभर मीटर खाली ने. दोरीला झोळ पडू दे. तिथं त्याला काही ऐकू येऊ नको.

जावळ झालं. मामाच्या मांडीवर पोरगं रडरड रडलं, पंगती उठल्या, लोक रस्सा छान झाला म्हणून गेले. मी वाढत होते आणि माझा पदर कुणी ओढला तरी दचकत होते. मालक जेवलेच नाहीत. एकदा मला चुलीपाशी गाठून म्हणाले, "मिळाला नसंल. मला वाटतं न्हाई मिळाला." मी म्हटलं, "तुमाला वाटून काय हुतंय?" आणि मग त्यांच्या पानात भाकरी टाकली.

फोन आला तो सकाळी, सून पोराला न्हाऊ घालत होती तेव्हा. तिनं ओल्या हातानं उचलला, "हां" म्हणाली आणि तिचा चेहरा बदलला. माझ्याकडं फोन धरला. "आत्या, घ्या. काहीच बोलत न्हाईत, नुसतं आई म्हणत्यात."

मी घेतला. "बोल रं."

तिकडून नुसता श्वास.

"आरं बोल की. कुठनं बोलतुयास? जेवलास का?"

"तू बोल," तो म्हणाला. "काय पण बोल. थांबू नकोस."

मग मी बोलत राहिले. बोकड केवढ्याला पडला, कुणाच्या वाट्याला चरबीच जास्त आली, त्याच्या पोराचं टक्कल कसं दिसतं. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं. म्हटलं, "तुला पहिलाच मिळाला व्हय?"

"व्हय. दुसरा लय उशिरा."

"साहेबाला सांगायचं हुतंस…"

"सांगून? ही काय एसटी हाय का आई, बेल मारून उतरायला? ड्युटी केली. जेवलो. झोपायच्या टायमाला झोपलो. तुझं सगळं मी करून टाकलं हुतं. मनात. दहावा बी झाला हुता."

माणसाला आपल्या मागं लेक कसा रडला हे कळतं का कधी? मला कळलं. सोप्यात उभ्या उभ्या, हातात फोन धरून.

मालक जवळ येऊन उभे होते. फोन मोठ्या आवाजावर होता, त्यांनी सगळं ऐकलं. लेक म्हणाला, "आबांना दे." मी म्हटलं, "ऐकत्यात, बोल."

तो त्यांना ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "आबा, आता तुमी खरं कळवलं तरी मला खरं वाटायचं न्हाई. आन् खोटं आसंल तरी काळीज तुटायचं ते तुटंलच. तवा एक करा. मी खाली असताना कायबी होऊ दे, कळवू नका. मी वर आलो की सांगा. आई, तू पण. कबूल?"

मालकांनी तोंड फिरवलं. सून पोराला टॉवेलात गुंडाळून माझ्याकडं बघत होती. कोणीतरी हो म्हणायला पाहिजे होतं.

"कबूल," मी म्हटलं.

एका शब्दाचं काम, पण त्यात काय देऊन बसले ते पुढं कळत गेलं. आता तो खाली असताना मी गेले तर त्याच्यापुरती मी जिवंतच राहणार. लोक येऊन जातील, दिवस उरकतील, आणि तो तिकडं मनाशी म्हणत असेल, आई भाकरी थापत असंल. म्हणून मी ठरवलंय, तो पाण्याखाली असताना आजारी म्हणून पडायचं नाही. पूर्वी कणकण आली तर चार दिवस काढा पिऊन काढायची. आता नाही.

गेल्या आठवड्यात तो परत गेला. काल दुपारपासून माझ्या छातीत जरा भरल्यासारखं होतंय, खोकला आहे, विशेष काही नाही. तरी सकाळी उठून मीच म्हटलं, "आवं, डॉक्टरकडं न्या मला."

मालकांनी चहाचा कप अर्धा ठेवला आणि गाडी बाहेर काढली.