तीन ठिपक्यांच्या फुलदाण्या

बेरिल मेचिनचा स्वभाव ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा. टीव्हीवाले गावाबाहेरच्या मोठ्या बंगल्याच्या बागेत येणार, लोकांनी घरातल्या जुन्या वस्तू आणायच्या आणि जाणकारांनी कॅमेऱ्यासमोर त्यांची किंमत सांगायची, असा तो कार्यक्रम. महिनाभर ती मला म्हणत होती, "जाऊ या गं, लोकांची गंमत बघू, चहा पिऊ." आणि त्या शनिवारी सकाळी बघते तर तिच्या दारात दोन पिशव्या. प्रत्येकीत टॉवेलात गुंडाळलेली एकेक फुलदाणी.

"गंमत बघायला टॉवेल कशाला लागतो?" मी विचारलं.

"एक पिशवी तू धर. आणि बडबड कमी कर."

इंग्लंडातल्या या बर्सलेममध्ये मी त्रेचाळीस वर्षं राहते. नर्सची नोकरी करून निवृत्त झाले, आणि त्यातली तीस वर्षं बेरिलची नि माझी भिंत एक. हे गाव चिनी मातीच्या भांड्यांचं. इथली माणसं लग्नाच्या जेवणालाही रिकामी बशी उलटी करून मागचा शिक्का बघतात, कुठल्या कारखान्याची आहे ते. पहिल्या वर्षी मला हा असभ्यपणा वाटला होता. आता मीही बघते. बेरिलने एकेचाळीस वर्षं भांड्यांवर फुलं रंगवली. लग्न केलं नाही, कारण आईला कोण बघणार. वय एक्याऐंशी. पाय सुजलेले, बोलणं तिखट.

बागेत रांग अशी की शेवट दिसेना. आमच्या पुढे एक गृहस्थ गोधडीत बांधलेलं भिंतीवरचं घड्याळ तान्ह्या बाळासारखं कवटाळून उभे होते. दोन तासांत आम्ही दहा पावलं सरकलो. मी गाडीवरून चहा आणि चीज भरलेली ओटची धिरडी आणली. चहा संपवून बेरिलने कागदाचा कप उलटा करून तळ पाहिला.

"काय लिहिलंय?"

"काही नाही. बिनबापाचा आहे," ती म्हणाली. मग आपणहून सांगायला लागली. तीस वर्षांत जे भिंतीपलीकडे आलं नाही ते रांगेत आलं. पाय दुखायला लागले की माणूस बोलतं.

दोन्ही फुलदाण्यांवर पॉपीची लाल फुलं. दोन्हींच्या तळाला तीन ठिपके. कारखान्यात रंगवणाऱ्या प्रत्येक बाईची आपली खूण असे, आणि तीन ठिपके ही बेरिलच्या आईची, हेटीची. मजुरी डझनावर. पंधराव्या वर्षी बेरिल आईशेजारच्या बाकावर बसली. ती एकोणीस वर्षांची असताना आईचा हात थरथरू लागला. मालकांना कळलं असतं तर आईला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

"मग मी तिचं काम बाकाखालून माझ्याकडे घ्यायची," बेरिल म्हणाली. "आधी तिचं डझन, मग माझं. ती नुसती कुंचला धरून बसायची. सहा वर्षं. त्या ओळीत चार बायका होत्या, सगळ्यांना माहीत होतं. मुकादमबाईलाही. कुणी तोंड उघडलं नाही."

"म्हणजे यातली एक तुझी?"

"तू धरलीयस ती. खूण आईची, हात माझा. पाहुणे आले की आई तीच दाखवायची. म्हणायची, माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम. आधी आधी माझ्याकडे बघून डोळा मारायची. नंतर डोळा मारायची विसरली."

मला हेटीचा राग आला. मेलेल्या बाईवर रागावून उपयोग नसतो, तरी आला. "आणि आज काय करायचं ठरवलंयस?"

"मी काही सांगणार नाही. दोन्ही त्याच्यापुढे ठेवणार. जाणता असेल तर म्हणेल, बाई, हे दोन हात वेगळे आहेत. एकदा कुणीतरी तेवढं म्हणावं. बास."

दुपारी अडीचला नंबर लागला. जाणकाराचं नाव पेनरोझ, पन्नाशीचा, मऊ आवाजाचा. आमच्यासमोर दिवे लागले, एका मुलीने बेरिलच्या नाकावर पावडर लावली आणि बेरिलने ती लगेच पुसली. पेनरोझने फुलदाण्या उलट्या केल्या, ठिपके पाहिले, पुन्हा सरळ ठेवल्या. मग दिव्याखाली एकेक हळूहळू फिरवून पाहिली. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मिस मेचिन, गंमत आहे," तो शेवटी म्हणाला. "या दोन्हींत फार फरक आहे."

बेरिल ताठ झाली.

"ही पहिली बघा. कुंचला कसा खेळतोय. इथे पाकळी रेषेबाहेर गेलीय, तिला पर्वा नाही. आणि ही दुसरी. एकही चूक नाही. पण एकही पान गरजेपेक्षा जास्त नाही. चुका करायला अंगात जोर लागतो, तो इथे उरलेला नाही. पहिली तरुण बाईने रंगवलीय, दुसरी त्याच बाईने म्हातारपणी. ही रंगवणारी फार थकलेली होती. तुमच्या आईंचं वय तेव्हा काय असेल?"

दुसरी म्हणजे मी धरलेली, बेरिलच्या हातची. मी तोंड उघडलं होतं. बेरिलने माझ्याकडे असं पाहिलं की ते मिटलं.

"साठीला आली होती," ती म्हणाली. "हो. थकलेली होती."

पहिलीचे त्याने नऊशे पौंड सांगितले, दुसरीचे दोनशे. आणखी काही सांगायचंय का, असं त्या पावडरवाल्या मुलीने विचारलं. बेरिल म्हणाली, "नाही. टॉवेल कुठे ठेवला मी?"

बस येईपर्यंत मी तिला भरपूर बोलले. "याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. का नाही सांगितलंस? साठ वर्षं झाली, आता कोण आईची मजुरी कापणार आहे?"

"त्या चौघी गेल्या, पण बोलल्या नाहीत," ती म्हणाली. "मी टीव्हीवर बोलू? आणि त्याचं काय चुकलं? नीट बघितलं त्याने. माझ्याइतकंच नीट." मग पिशवी मांडीवर घेऊन बसली. तिच्या फुलदाणीची. "शोभा, मला वाटायचं मी फार छान रंगवते. आईपेक्षा छान. आज कळलं की आत नुसती दमणूक होती. एकोणीस वर्षांची होते गं मी."

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. नर्सला रडणाऱ्याचं काय करायचं ते माहीत असतं. ती नुसती रस्त्याकडे बघत होती.

बस आली. तिला हाताला धरून चढवलं, खिडकीशी बसवलं. दोन थांबे गेल्यावर तिने विचारलं, "एकोणिसाव्या वर्षी तू काय करत होतीस?"

मी मिरजेला नर्सिंग शिकत होते. मी सांगितलं. होस्टेलची भिंत चढून आम्ही तिघी सिनेमाला गेलो, परत येताना एकीची चप्पल पलीकडे पडली आणि दुसऱ्या दिवशी मेट्रनने ती जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवली. बेरिल हसली. थोडंच, पण हसली.

"कुणाची होती चप्पल?"

"माझीच."

तिने डोळे मिटून डोकं काचेला टेकवलं. दोन्ही हात पिशवीवर होते.

"अजून सांग," ती म्हणाली.

घर येईपर्यंत मी सांगत होते.