उंबऱ्याजवळचा आवाज

फेब्रुवारीतला शेवटचा शुक्रवार, सकाळ. हजर: मी, नवरा, सासरे आणि जिथे गेलो त्या घराचे कतारी मालक. गैरहजर: आमची मुलगी. "आई, इट्स फ्रायडे," एवढंच म्हणून तिने पांघरूण डोक्यावर ओढलं होतं.

सोबत मेटल डिटेक्टर, कुंड्यांसाठीची खुरपी, पाणी, सासऱ्यांची टोपी आणि त्यांच्या गोळ्या. काही म्हणता काही विसरलं नव्हतं. तरीही काम झालं नाही, आणि आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

सासरे नाशिकला बँकेत कॅशियर होते. निवृत्तीनंतर नाणी जमवतात. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत कतारमध्ये आपलाच रुपया चालायचा, आपलेच आणे आणि नवे पैसे, हे ते आल्या दिवसापासून सांगत होते. तशी नाणी विकत मिळतात, पण त्यांना विकतचं नको होतं. इथल्या मातीतून आपलं नाणं स्वतःच्या हाताने काढायचं होतं. डॉक्टरांनी या फेरीनंतर विमानप्रवास बंद सांगितला होता आणि परतीचं तिकीट मंगळवारचं होतं. म्हणजे जे काय ते त्या शुक्रवारीच.

यंत्र वेस्ट बेमधल्या माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं. देश सोडून जाताना तो ते मला देऊन गेला. जागा नवऱ्याने मिळवली. त्याची कंपनी जुन्या बाजारामागच्या वस्तीत एक घर दुरुस्त करत होती. जाड भिंती, मधोमध मातीचं अंगण, रस्त्याकडच्या खोलीत कधीकाळी मालकांच्या आजोबांचं दुकान. "यल्ला, शुक्रवारी या," मालक म्हणाले होते. परवानगीचं काय, असं मी घरी विचारलं तेव्हा नवऱ्याने हात झटकले. "मालक हो म्हणाले ना? मग झालं."

सुरुवात खिळ्यांनी झाली. मग बाटल्यांची झाकणं, तारेचे तुकडे, डब्याचा गंजलेला पत्रा. प्रत्येक आवाजाला सासरे वाकायचे, वरवरची माती बाजूला सारायचे आणि मी त्यांना दंडाला धरून उठवायचे.

"बाबा, भंगारवाल्याला बोलवू का?" नवरा सावलीतून म्हणाला.

"तू गप्प राहा. कार्ड घासण्यापलीकडे तुला पैसा ठाऊक आहे का?"

मालक हसले. त्यांना मराठी कळत नाही, पण बाप मुलाला झापतोय हे कळायला भाषा लागत नाही.

दुकानाच्या उंबऱ्याजवळ मात्र आवाज बदलला. खिळ्याचा आवाज घोगरा आणि तुटक असतो. हा स्वच्छ होता, उंच. सासऱ्यांनी यंत्र आडवं फिरवलं, उभं फिरवलं. तोच आवाज, त्याच जागी. "तांबं तरी नाहीतर चांदी," ते म्हणाले. टोपी काढून माझ्याकडे दिली आणि खुरपी मागितली. आता वरची माती सारून भागणार नव्हतं, नीट खड्डा घ्यावा लागणार होता. मला राहवलं नाही. मी मालकांना इंग्रजीत विचारलं, "खणायला परवानगी लागते का?"

ते थबकले. चुलतभावाला फोन लावला, बराच वेळ अरबीत बोलले. मग सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, खलास. जुनी वस्ती आहे. कागदाशिवाय खणायचं नाही, माझ्या अंगणातसुद्धा."

"तुला आत्ताच विचारायचं होतं?" नवरा माझ्यावर उखडला.

"मग कधी? खणून झाल्यावर? उद्या नोकरीवर आलं असतं तर कुणाच्या तोंडाकडे बघणार होतास?"

"अरे, तिचं बरोबर आहे," सासरे म्हणाले आणि खुरपी माझ्या पिशवीत ठेवली.

आम्ही अझीझियाला घरी परत निघालो. सिग्नलला थांबल्यावर सासरे म्हणाले, "फार खोल नव्हतं गं."

माझंच बरोबर होतं, हे मी अजूनही म्हणेन. पण बरोबर असण्याचा त्या दिवशी कुणालाही उपयोग झाला नाही, आणि ज्याने हा प्रश्न आधी उडवून लावला तो मोकळा सुटला.

मंगळवारी सासरे नाशिकला परत गेले. मी खणायच्या परवानगीचा अर्ज त्यांच्या नावाने भरला. तो परत आला, कारण अर्जदार इथला रहिवासी हवा. मग माझ्या नावाने भरला. आता घराचा प्लॉट नंबर आणि मालकांची सही हवी आहे. मालक लंडनला आहेत. मेसेज केला की लगेच उत्तर येतं, "इन्शाल्ला", पण सही येत नाही. नवरा म्हणतो, ईदनंतर अंगणात फरशी बसणार, ते काम थांबवणं त्याच्या हातात नाही. सासरे फोनवर आधी फरशीचं विचारतात, मग नातीचं. "अजून नाही बसली," मी सांगते.

प्लॉट नंबर काल मिळाला. सही बाकी आहे.