बेचाळीसचे पन्नास

आमच्या गावच्या शाळेत शिजवलेली खिचडी द्यायला सुरुवात झाली, तेव्हा ते काम बचत गटाकडे आलं. गटातून माझं आणि माझ्या मोठ्या जावेचं नाव पडलं. जाऊबाई बोलकी, मी मुकी. बाया म्हणाल्या, "जोडी बरी हाये. एक बोलंल, एक ढवळंल."

खिचडीची पत्र्याची खोली चौथीच्या वर्गाला लागून होती. वर्गाची खिडकी माझ्या चुलीच्या अंगाला. त्या वर्गात माझी मुलगी बसायची. खिडकीतून मला फळ्याचा एक कोपरा दिसायचा, गुरुजींचा हात दिसायचा, आणि जरा वाकलं की तिची वेणी. मी रोज वाकायचे.

मी स्वतः चौथी शिकलेली, माहेरी, निमगाव सावाच्या शाळेत. पाढे मला तीसपर्यंत येत होते, पण ते कुणाला कळलं नाही, कारण मी कधी हात वर केला नाही. उत्तर जिभेवर यायचं आणि तिथंच बसून राहायचं. कांद्याच्या लागणीत माझी शाळा बुडायची. मागं काय शिकवून झालं, ते विचारायलाही मी कधी गेले नाही. पाचवीसाठी दुसऱ्या गावी जावं लागणार होतं. घरच्यांनी विचारलं, जायचं का? मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी राहिले. त्यांनी ते नाही असं धरलं. मीही धरू दिलं.

सकाळी हजेरी झाली की आज किती पोरं आलीत ते विचारून यायचं. ते जाऊबाई करायची. सगळे वर्ग मिळून चाळीसच्या आसपास पोरं. तांदूळ मोजायला आमच्याकडे एक पत्र्याचा डबा होता. एका डब्यात दहा पोरांचं भागायचं. पट बेचाळीस असला तर चार डबे पुरत नाहीत, म्हणून पाच. एकेचाळीस असला तरी पाच. उरलं तर बालवाडीतली बारकी पोरं वाट्या घेऊन टपलेली असायची. कमी पडलं तर मात्र शेवटच्या पोराच्या ताटलीकडं बघवत नाही. हा हिशोब हाताला इतका बसला होता की विचार करावाच लागायचा नाही.

थंडी पडू लागली तेव्हा गुरुजींनी चौथीला जवळचं दशक शिकवायला घेतलं. आमचे गुरुजी पुस्तक मिटून शिकवायचे. त्या दिवशी ते एका मुलाला उभं करून म्हणत होते, "समजा, तू येडगावहून ओझरला पायी निघालास. वाटेत पाय दुखायला लागले." इथपर्यंत ऐकलं आणि मी हापशावर पाण्याला गेले. कळशी घेऊन परत आले तेव्हा गुरुजी विचारत होते, "आणि बरोबर मधोमध असलास तर? मागं फिरशील का?"

"न्हाई," पोरं ओरडली.

"पुढंच जायचं. का? गणपती पुढं आहे."

पोरं हसली. मीही चुलीपुढं हसले. पुढच्या दशकात जायचं, म्हणजे आपल्या डब्यासारखंच, असं मनात म्हणून मी डाळ धुवायला बसले. मधलं काय सांगितलं, ते मी ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी चौथीची एक परीक्षा घेणार होते. स्कॉलरशिपला कोण बसणार, ते तिच्यावर ठरणार होतं. निवडलेल्यांना शाळा सुटल्यावर जादा तास. माझ्या मुलीला त्यात जायचंच होतं. सासऱ्यांना सांगून झालं, शेजारी सांगून झालं, म्हशीला पेंड घालताना तिलासुद्धा सांगून झालं.

संध्याकाळी मी भाकरी थापत होते. ती पाटी घेऊन शेजारी बसली.

"आई, बेचाळीसच्या जवळचं दशक?"

आजवर तिनं अभ्यासातलं मला काही विचारलं नव्हतं. विचारायची ती तिच्या चुलत्याला. मी हात न थांबवता म्हणाले, "पन्नास."

"मला चाळीस वाटतं."

"चाळीसचीच खिचडी शिजवली तर वरच्या दोघांनी काय खायचं?"

ती हसली. पण पाटीवर लिहिलेलं चाळीस पुसेना. "गुरुजींनी मागंबी जायचं सांगितलंय."

"मी ऐकलंय खिडकीतनं. पुढं जायचं म्हणले. गणपती पुढं हाये."

"ते मधोमध असलं तर ना?"

"कसंबी असू दे. मी रोज तेच करते न्हवं का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग बोटाला थुंकी लावून चाळीस पुसलं आणि पन्नास लिहिलं. खालची गणितंही एकेक करून बदलली. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, हे खरं आहे. त्या रात्री मी तिला भाकरीवर जास्तीचं लोणी वाढलं.

परीक्षा झाली आणि गुरुजींनी वर्गातच पेपर तपासले. माझी खिचडी रटरटत होती. त्यांनी माझ्या मुलीला उभं केलं.

"एकवीसचे तीस. त्रेसष्टचे सत्तर. बेचाळीसचे पन्नास. काल फळ्यावर तूच बरोबर सांगितलंस ना?"

गुरुजींनी पेपर तिच्यापुढं धरला.

"मग एका रात्रीत काय झालं? कुणी शिकवलं हे?"

मी वाकले. वेणी दिसली. ती हलली नाही. तिनं एकदाही खिडकीकडं मान वळवली नाही.

जाऊबाईनं मला कोपरानं ढोसलं. "ऐकलंस का? तुझंच दिसतंय ते. जा की. मी सांगितलं म्हन. गुरुजी काय खात्यात व्हय तुला?"

"खिचडी खाली लागंल," मी म्हणाले.

"खिचडीला मी हाये."

मी ढवळत राहिले.

गुरुजींनी मारलं नाही, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "लक्ष नाही तुझं. बस खाली." मग ज्यांना जादा तासाला थांबायचं त्यांची नावं वाचली. तिचं त्यात नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ती रांगेत आली, ताटली पुढं केली आणि डाव रिकामा होईपर्यंत ताटलीकडंच बघत राहिली.

घरी मी तिला विचारलं, "माझं नाव का न्हाई सांगितलंस?"

ती दप्तराचा तुटका बंद बांधत होती. "तुला सगळ्यांसमोर बोलावलं असतं." गाठ आवळून म्हणाली, "तुला न्हाई ना आवडत."

मला वाटलं होतं, माझी भीती फक्त मलाच ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी मी जाऊबाईला म्हणाले, आज पट विचारायला मी जाते. पदर नीट घेतला आणि चौथीच्या दारात उभी राहिले. गुरुजींनी वर पाहिलं. "एकेचाळीस, ताई." मी मान हलवून परत आले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. जाऊबाई म्हणाली, "नुसता आकडाच आणलास व्हय? एवढ्याला मी काय वाईट व्हते?" मी म्हणाले, उद्या. दोन-तीन वेळा मी उद्या म्हणाले.

शेवटी मी बोलले, ते गुरुजी खिचडी चाखायला आले तेव्हा. वाढायच्या आधी शिक्षकांनी चाखायची पद्धत होती. त्यांनी चमचा तोंडात घातला, मीठ बरोबर आहे म्हणाले आणि वळले.

"गुरुजी, ते पन्नास मी सांगितलं व्हतं."

त्यांना आधी कळेना. मग मी पातेल्याकडं बघत सगळं सांगितलं, डब्याचं, येडगावचं, ओझरचं. एवढं सलग मी माझ्या नवऱ्याशीही कधी बोलले नव्हते. गुरुजी चमचा हातात धरून उभे राहिले.

"ताई, हे त्याच दिवशी सांगायचं ना. नावं परवाच वर पाठवली. आता परीक्षेचं काही करता येणार नाही." मग म्हणाले, "तासाला पाठवा तिला. शिकू दे बाकीच्यांबरोबर."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

ती सगळी थंडी जादा तासाला बसली. परीक्षेच्या यादीत नाव नाही हे तिला माहीत होतं, तरी एक दिवस चुकवला नाही. दिवसा वर्गातही गुरुजींनी काही विचारलं की पहिला हात तिचा वर जायचा. मी खिडकीतून तो हात बघायचे आणि डोळे पुसायला मला चुलीच्या धुराचं निमित्त पुरायचं.

परीक्षेच्या दिवशी गुरुजी निवडलेल्या मुलांना जीपमध्ये घालून नारायणगावला घेऊन गेले. पोरं जीपमधून हात हलवत होती. माझी मुलगी फाटकाशी उभी राहून हात हलवत होती. मग ती आत वळली. त्या दिवशी पट तिनंच आणला.

"आई, तेहतीस. जवळचं दशक तीस. तीन डबे टाक."

तिच्या तोंडावर परीक्षेत उत्तर दिल्यासारखा आनंद होता. मला सांगता आलं असतं, की बाई, वहीतलं वेगळं आणि पातेल्यातलं वेगळं, आणि चुकले ती मी, तुझं गणित नाही. पण बेचाळीसच्या वेळी मी नको तिथं तोंड उघडलं होतं. आता उघडायची हिंमत होईना. मी तीन डबे टाकले.

"तीनच?" जाऊबाई म्हणाली. "पोरांनी काय पातेलं चाटायचं?"

"टाकले," मी म्हणाले.

मी हात आखडून वाढत होते, तरी शेवटाला पातेलं वाजायला लागलं. ती रांगेत पुढं होती, पण माझा आखडलेला हात बघून एकेकाला पुढं सोडत मागं गेली. सगळ्यांच्या मागं आली तेव्हा तळाला चिकटलेली करपलेली खरवड तेवढी उरली होती. मी ती खरवडून तिच्या ताटलीत घातली. तिनं पातेल्यात वाकून पाहिलं, मग माझ्याकडं.

"पुरलं की गं," ती म्हणाली, आणि ताटली घेऊन पायरीवर जाऊन बसली.

मी पातेल्यात पाणी ओतलं आणि उगाच घासत राहिले. ती शेवटपर्यंत सगळं खात होती, करपलेलंसुद्धा.