बाईंनी विचारलं म्हणून

आदरणीय डॉ. नलिनीबाई वैरागडे यांची माझी पहिली भेट नव्वदीच्या दशकात चंद्रपूरच्या त्यांच्या दवाखान्यात झाली. मी तेव्हा घुग्घुसला वेल्डिंग करायचो. लग्नाला वर्ष झालं होतं आणि मला फिट यायच्या. गोळ्या सुरू असूनही झटके थांबेनात, म्हणून अम्मी साऱ्या डॉक्टरांना बोल लावत होती.

खरं म्हणजे निम्म्या गोळ्या मी गुपचूप नालीत टाकत होतो. त्या सुरू झाल्यापासून नवरा म्हणून मी निकामी झालो होतो. हे कोणाच्या तोंडावर सांगणार? माझी बायको नसीम, ती मला आवडतच नाही असं समजून बसली होती. पुढच्या जुम्म्याला तिचा भाऊ तिला कायमची माहेरी न्यायला येणार होता.

बाईंनी कागद वाचले आणि अम्मीला बाहेर वजनकाट्यावर पाठवलं. ही त्यांची नेहमीची रीत. त्यांच्या दवाखान्यात पेशंटपेक्षा पेशंटच्या आयांचीच वजनं जास्त झाली असतील. मग "भूक लागते? झोप येते?" हे ज्या आवाजात विचारलं, त्याच आवाजात विचारलं, "बायकोसोबत जमते का?"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. बाई मात्र घाई न करता थांबून राहिल्या. शेवटी मी म्हणालो, "नाई जमत, बाई. म्हणून गोळ्या फेकून राह्यलो."

बोलणी खायची तयारी होती. बाई म्हणाल्या, "सांगितलं ते बरं केलं, भाऊ. काही गोळ्यांनी असं होते. तुमच्यात खोट नाई. गोळी बंद नाई करायची, आपण बदलून पाहू."

मी तिथंच रडलो. जिवावरचं ओझं असं उतरतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी बाईंनी नसीमलाही बोलावून हेच समजावलं. तिचा भाऊ आला, पोटभर जेवला आणि एकटाच परत गेला. नवी गोळी बसायला काही महिने लागले. मग झटके थांबले आणि आमचा संसारही रुळावर आला.

फिटवाल्यानं वेल्डिंग करणं धोक्याचं, म्हणून बाईंनी मला दवाखान्यातच कामाला ठेवलं. त्यांच्यासोबत मी सिंदेवाही, कुरखेड्याच्या शिबिरांना जाऊ लागलो. कुरखेड्याला झाडावरून पडून कमरेखाली लुळा झालेला एक शेतकरी आला होता. त्याला आणि त्याच्या बायकोला बाईंनी तासभर दिला, नवरा-बायकोच्या संबंधांसाठी कोणते उपाय करता येतात ते सांगितलं. बाहेर रांग वाढलेली पाहून मी कुरकुरलो. बाई म्हणाल्या, "रांग थांबते, रशीदभाऊ. यायले आजवर कोणी विचारलंच नाई."

बाईंच्या गौरव अंकासाठी हा लेख स्वतःच्या नावानं लिहू का, असं मी नसीमला विचारलं. ती म्हणाली, "लिहा. तुमच्या चुप्पीनं मी वर्षभर रडली. आता काऊन लपवता?"

बाईंना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. आम्ही नवरा-बायको अजून रोज भांडतो, भाजीतल्या मिठापासून पोरीच्या शाळेपर्यंत. एकमत फक्त एका दुआवर आहे: बाईंनी धडधाकट राहून, स्वतःच्या पायांनी चालत शंभरी गाठावी.