झाडून ठेवलेलं टेकाड

आमच्या गावाला पाहुण्यांची हौस लागली ती तेरमुळं. तेर तेरणेच्याच काठावर, आमच्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या आतलं. तिथल्या जमिनीतून जुनी भांडी, मणी, नाणी निघतात म्हणून हैदराबादेकडची माणसं बघायला येत. टोपीवाले, कॅमेरेवाले, कधी बायकामुलांसकट. आमच्या पाटलांना ते सहन होत नसे. चावडीवर बसले की त्यांचा एकच घोषा, "त्यांच्या नदीला काय सोनं लागलंय का? नदी तीच हाय. टेकाड आपल्याकडंबी हाय. मग माणसं तिकडंच का मरत्यात?"

टेकाड होतं, हे खरं. गावाच्या खालच्या अंगाला, नदी वळते तिथं, पांढऱ्या मातीचा मोठा उंचवटा. कधीकाळी तिथं वस्ती होती म्हणत. पाऊस पडून गेला की वर लाल-निळे मणी दिसत, खापऱ्या तर पायाला टोचतील इतक्या. पण गावाला त्या मण्यांपेक्षा मातीचं महत्त्व जास्त. आमची घरं माळवदाची, म्हणजे वर सपाट मातीचं छत. त्यावर ही पांढरी माती चोपून बसवली की पाण्याचा थेंब आत येत नाही. म्हणून दर वैशाखात प्रत्येक घर टेकाडावरून चार-सहा पाट्या माती आणायचं. पिढ्यान् पिढ्या आणली होती आणि टेकाड होतं तिथंच होतं. मला वाटतं, त्यामुळं ते कधी संपेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी त्या गावात सतराव्या वर्षी लग्न होऊन आले. निजामाचं राज्य होतं, रझाकारांची गडबड सुरू व्हायला अजून अवकाश होता. माझे वडील धाराशिवला कोर्टात कारकून होते. मुलगा नाही, तर मुलीला तरी शिकवू म्हणून त्यांनी मला घरी उर्दू लिहायला-वाचायला शिकवलं होतं. सासरी त्याचा उपयोग शून्य. सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, किराणा दुकान होतं. हे, म्हणजे माझे यजमान, कापडाचं गाठोडं घेऊन आठवडी बाजार करत, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. घर चालवायच्या वन्सं.

वन्सं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, मूल नाही, म्हणून माहेरी परत आलेल्या. त्यांच्या हाताला चव होती, हे मी उगीच म्हणत नाही. साधं पिठलं केलं तरी दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकाची नजर आतल्या दाराकडं वळायची. मला भाकरी त्यांनी शिकवली. माझी पहिली भाकरी नकाशासारखी झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "हा कोन्या मुलखाचा गं?" आणि ती स्वतःच्या ताटात घेऊन मामंजींना चांगली वाढली. सासर म्हणजे मला तरी त्या एकट्याच होत्या.

त्यांच्या मागं एक काळजी लागलेली होती. त्यांचा दीर सीमेकडच्या कानडी बोलणाऱ्या एका खेड्यात राहायचा. दिवाळीत तो येऊन गेला होता. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली, घरात पाच पोरं, दावणीला म्हशी. "वैनी आमच्या घरच्या. त्यांनी आता घरी यावं," असं तो मामंजींना म्हणाला. न्यायला आला होता ते बिनपगारी हात, वैनी नव्हे, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. मामंजी "पावसाळ्यानंतर बघू" म्हणाले. नाही म्हणाले नाहीत.

अशात फाल्गुनात पाटील तालुक्याहून बातमी घेऊन आले. हैदराबादचा एक बडा साहेब आमचं टेकाड बघायला येणार होता. त्याला पसंत पडलं तर स्टेशनापासून सडक होईल, नदीकाठी पाहुण्यांसाठी बंगला होईल, माणसं येऊ लागतील. चावडीवर त्या दिवशी जे बेत झाले ते ऐकण्यासारखे होते. गूळ आटवायची मोठी कढई, म्हणजे काहील, नदीत सोडून पाहुण्यांना डोहात फिरवायचं, असंही एकानं काढलं. पुरात आम्ही काहिलीत बसूनच पलीकडं जात असू, पण ती हौसेनं नव्हे. साहेबाला काहिलीत मांडी घालून बसलेलं मी मनात पाहिलं आणि पदर तोंडात धरला.

मामंजींनी मात्र एक कामाची गोष्ट आणली. बंगल्यावर शिवराक, म्हणजे बिनमांसाचं, जेवणाऱ्या पाहुण्यांसाठी स्वयंपाकाला बाई लागेल, तिला सरकारी पगार आणि मागं राहायला खोली मिळेल. पाटलांनी वन्संचं नाव घेतलं होतं. सरकारी नोकरी लागली की दिराला परत पाठवायला मामंजींना तोंड मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी दळायला बसलो तेव्हा वन्सं म्हणाल्या, "वैनी, खोलीला कडी आतून आसंल न्हवं?"

"आसंल की."

"म्हंजी म्या लावली तरच बंद व्हईल." त्यांनी पुढचं सगळं पीठ गाणं न म्हणता दळलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी मनात एवढंच मोजलं की वन्सं नदीकाठी राहायला जाणार आणि या घरात मी एकटी उरणार. दीर येईल तेव्हा मामंजी काहीतरी करतील, पोटच्या लेकीला कोण पाठवतं, असं मी स्वतःला सांगितलं. सोयीचं होतं ते.

आठवड्याभरानं भर दुपारी एक माणूस टेकाडावर दोरी घेऊन मोजमाप करताना दिसला. लोकांना वाटलं, सडक मोजायला आला. पाटील तालुक्याला गेलेले, मामंजी दुकानाचा माल आणायला ढोकीला, वन्सं नदीवर धुणं घेऊन. आमचं घर टेकाडाकडचं शेवटचं. त्यानं दारात येऊन पाणी मागितलं. मी तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि दाराआड उभी राहिले.

पाणी पिऊन तो म्हणाला, "घर में कोई मर्द नहीं?"

"जी नहीं," मी उर्दूत म्हणाले.

त्या खेड्यात दाराआडून उर्दू ऐकून तो चकित झाला. मग एकेक शब्द सावकाश बोलला. "बड़े लोगां को बोलना, साहब आने तक टीले को कोई हाथ नको लगाव. न मिट्टी, न खापरी. जैसा है वैसाच देखना है साहब को. पटेल को जरूर बोलना. मेरी गाड़ी का वक्त हो गया."

मी "जी" म्हणाले. तो गेला.

रात्रीच्या जेवणाला मामंजी पानावर बसले तेव्हा मी वाढत होते. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. सुनेनं सासऱ्यांशी आपणहून बोलायचं नाही, ही रीत मला त्या दिवशी फार पटली. वन्संना सांगितलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, तिथं कुठलीच रीत आडवी येत नव्हती. मी त्यांनाही सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं. असे उद्या बरेच गेले.

चैत्र उतरता उतरता तालुक्याचा शिपाई येऊन पाटलांना सांगून गेला, "साहब आ रहे, सब साफसूफ रखो." झालं. साहेब येणार म्हणजे गाव नटवायचं, याशिवाय आमच्या गावाला दुसरं काही माहीतच नव्हतं. त्या वर्षी प्रत्येक घरानं माळवदावर नवी माती चढवली. भिंती सारवल्या, चावडी सारवली, देवळाचा कट्टा नव्यानं लिंपला. माती टेकाडाचीच. दर वर्षी चार-सहा पाट्या जायच्या, त्या वर्षी गाड्याच्या गाड्या भरून गेल्या. नदीकडची बाजू ओबडधोबड दिसते म्हणून पाटलांनी ती कुदळीनं सरळ उभी कापून घेतली, भिंतीसारखी. मधे जुन्या विटांचा एक थर लागला. चांगल्या विटा होत्या, देवळाच्या कट्ट्याला कामी आल्या.

आणि वरच्या खापऱ्या? पाहुण्याला फुटक्या खापऱ्या कोण दाखवतं? ते काम बायकांकडं आलं आणि बायकांच्या पुढं वन्सं. कंबर खोचून त्या पहाटेच टेकाडावर जायच्या. खराट्यानं झाडायच्या, टोपल्या भरायच्या, मणी सापडला की पोरींना वाटून टाकायच्या. टोपल्या स्टेशनाकडच्या गाडीवाटेवर नेऊन चाकोऱ्यांत ओतल्या, म्हणजे साहेबाला दणके बसायला नकोत. चार दिवसांत टेकाड एखाद्या अंगणासारखं झालं. वन्सं वर शेणसडा घालायच्याही विचारात होत्या.

मीही झाडत होते. त्यांच्या शेजारी, खाली मान घालून. एकदा त्यांनी खराटा टेकवून मागं पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "कसं लख्ख दिसतंय बघ. आता साहेब न्हाय म्हंतोय व्हय?" त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तरी निम्मं टेकाड वाचलं असतं. मी पुढची टोपली भरली.

साहेब आला तो पांढऱ्या दाढीचा, मऊ बोलणारा. गाडीवाटेवर अर्ध्यातच बैलगाडीतून उतरला. वाकून चाकोरीतली खापरी उचलली, पुसली, पुढं चालत दुसरी उचलली. गाव मागं-मागं. टेकाडाशी पोचला तेव्हा त्याचे दोन्ही हात भरलेले होते. कापलेल्या बाजूपुढं तो बराच वेळ उभा राहिला आणि मग तिथंच जमिनीवर बसला.

जेवण आमच्याकडं होतं, कारण साहेब शिवराक जेवणारा. पुढचं मी दाराआडून ऐकलं. तो पाटलांना म्हणाला, "पहले जैसा था, वैसा क्यों नहीं रखा?"

पाटील म्हणाले, "तसं कसं ठिवायचं सरकार? मेहमान येनार म्हनल्यावर?"

"मेरा आदमी आया था. उसने किसी को बोला नहीं?"

पाटलांनी मामंजींकडं पाहिलं, मामंजींनी पाटलांकडं. "न्हाय सरकार. आमाला कुनी कायबी बोललं न्हाय."

तुपाचं भांडं घेऊन मी आत वळले. आत वन्संनी मला धपाट्यांचं ताट दिलं आणि कुजबुजल्या, "काय म्हंतोय गं?"

"जेवण आवडलं म्हणतोय," मी म्हणाले.

ते पुढं खरंही ठरलं. साहेबानं तिसरं धपाटं मागून घेतलं, शेंगांची चटणी कुणी केली विचारलं. आमच्या गावातली त्याला आवडलेली ती एकच गोष्ट. निघण्याआधी हात धुताना त्यानं मामंजींना सांगितलं की इथं आता बघण्यासारखं काही उरलं नाही, बंगल्याची शिफारस तो कशाच्या जोरावर करणार. रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्या मोजमाप करणाऱ्या माणसाचं काय झालं, निरोप न दिल्याबद्दल त्याला काय ऐकावं लागलं, हे मला आजही ठाऊक नाही.

गावानं आठ दिवस साहेबाला नावं ठेवली. फुटक्या खापऱ्यांवर जीव असणारा माणूस कसला साहेब, असं ठरलं आणि विषय मिटला. माळवदं त्या पावसाळ्यात एक थेंब गळली नाहीत.

दसरा झाल्यावर दीर आला. मामंजींनी या खेपेला त्याला बसायला घोंगडी टाकली तेव्हाच मी समजले. वन्संनी दोन लुगडी आणि एक परात बांधून घेतली. गाडीत बसताना मला म्हणाल्या, "तव्याचा जाळ बारीक ठिवत जा." बंगल्यावर गेल्या असत्या तर मी परसातून हाक मारली असती तरी त्यांना ऐकू गेली असती. त्यांना घरात ठेवायला म्हणून मी गप्प बसले होते, आणि मागूनसुद्धा हे घर परत मिळणार नाही इतक्या लांब त्या गेल्या.

मग रझाकारांची धामधूम आली, रस्ते बंद झाले, राज्य गेलं. वन्सं पुन्हा भेटल्या त्या माझ्या थोरल्या लेकीच्या बारशाला. दीर चार दिवसांच्या बोलीनं सोडून गेला होता. हाताच्या शिरा वर आल्या होत्या, बोलण्यात निम्मं कानडी शिरलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. लेकीला मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "वैनी, तू शिकलेली हायस. खरं सांगशील?"

"काय वन्सं?"

"म्या त्या खापऱ्या झाडल्या नसत्या, तर झाला असता का बंगला?"

इतकी वर्षं त्या गोठ्यात, चुलीपुढं, त्या परक्या पोरांच्या मागं धावताना त्या हेच विचारत असणार. आणि विचारायला त्यांना माणूस सापडलं ते मी. सगळं सांगून टाकावं असं मला फार फार वाटलं. तो माणूस, तो तांब्या, ती "जी", सगळं. शब्द अगदी ओठाशी आले होते. त्यांनी खरं सांग म्हटलं होतं, म्हणून मी त्यातलं त्यांच्या वाट्याचं तेवढं सांगितलं.

"झाला असता, वन्सं."

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या, आणि लेकीच्या टाळूला तेल लावू लागल्या.