मातीनं पाहिलेलं ऊन

चाकणच्या त्या कंपनीच्या गेटवर अकरा वर्षांत चिमाजीनं न तपासता एकही वस्तू बाहेर सोडली नव्हती. साहेबांचा डबासुद्धा तो उघडून बघे. जमीन त्याच्याच घराण्याची. ती कंपनीत गेली आणि त्याला ही नोकरी लागली.

नव्या शेडसाठी खड्डा खणला, तेव्हा तळाशी आदिमानवानं घडवलेले दगड निघाले. तीन देशांचे संशोधक धावत आले. कंपनीनं त्यांना चार दिवस दिले. चौथ्या दिवशी दुपारी दोनला खड्डा बुजणार होता.

त्याच दिवशी एकच्या सुमारास त्या संशोधकांतली पुण्याची सायली आणि तिच्या परदेशी मॅडम खड्ड्याकडून गेटवर आल्या. हातात काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लोखंडी पाइप. चिमाजीनं तो ओढूनच घेतला. मागच्या वर्षी असल्याच पाइपातून कुणीतरी तांबं पळवलं होतं.

"काका, तो उघडू नका!"

तोवर झाकण निघालं होतं. भर उन्हात त्यानं पाइप टेबलावर पालथा केला. दोन मुठी माती पडली.

मॅडम किंचाळल्या. मग मटकन खाली बसल्या.

"मातीच तर हाय," चिमाजी म्हणाला. "एवढं काय झालं, पोरी?"

सायलीनं सांडलेल्या मातीकडं बोट केलं. "या मातीनं शेवटचं ऊन कधी पाहिलं, त्यावरून दगडांचं वय कळतं, काका. चार लाख वर्षं अंधारात असेल ती. आता ऊन लागलं, काहीच सांगणार नाही."

चिमाजीला पणजोबांच्या मागचं नावही ठाऊक नव्हतं. चार लाख.

"दुसरी काढा की."

"दोन तास लागतील. ऑफिसनं वेळ वाढवून द्यायला नकार दिलाय."

"तुमी जावा. काढा."

दोनला खड्डा बुजवायला मुरमाचा डंपर आला. गावातल्याच हिंदुरावनं खिडकीतून गेटपास दिला. चिमाजीनं तो वाचला, घडी घातली आणि खिशात टाकला.

"पास न्हाई तुझ्याकडं. गाडी आत जायची न्हाई."

"आत्ता दिला की! खिशात काय हाय मग?"

"पास न्हाई."

"चिमाजीभाऊ, ऊन लागलं काय राव तुला?"

मागचे तीन डंपर हॉर्न वाजवू लागले. केबिनमधला फोन खणखणू लागला. चिमाजी गेटला पाठ लावून उभा राहिला. आपण धडधडीत खोटं बोललो, हे त्याचं त्यालाच खरं वाटेना. खड्ड्यातून पाइप ठोकल्याचा आवाज येत होता.

फोन थांबत नव्हता. त्यानं तो उचलला नाही.