शेळीने चाटलेला पत्रा

धारूरच्या आठवडी बाजारात, भर दुपारी बारा वाजता, एका निर्दोष वेल्डरवर अन्याय झाला. तो मी केला. तेव्हा मी तिथल्या ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. निवृत्तीनंतर बाकीची प्रकरणं पुसट होत गेली, हे एक होत नाही.

आदल्या दिवशी वावटळ सुटली होती. डोंगरकडेच्या वस्तीवर सीताफळं विकणाऱ्या एका बाईच्या घराचा पत्रा तुटून खाली आला आणि तिचा खांदा फाटला. छत जेमतेम दोन वर्षांचं. सकाळी ठाण्यात निनावी फोन आला, "वेल्डरनं स्क्रू कमी मारलेत. लवकर धरा, न्हाईतर पळून जाईल." मी शहानिशा केली नाही. सरळ त्याच्या दुकानातून कॉलर धरून ओढला आणि जीपमध्ये घातला. सगळ्या बाजारानं बघितलं.

ठाण्यात विचारलं, "किती स्क्रू खाल्लेस बे?"

"साब, पत्रा बाईनं तेलगावातनं आणलता. मी फकस्त बसवला. माझे स्क्रू बघून या. एक बी हलला असंल तर बेड्या घाला."

संशयित स्वतःच पंचनामा मागतो, तेव्हा पोलिसानं थांबून विचार करायचा असतो. मी आवाज चढवला. तो तेच तेच सांगत राहिला. शेवटी चिडून दोन पंच घेतले आणि वस्तीवर गेलो.

स्क्रू जागच्या जागी घट्ट होते. त्यांच्याभोवतीचा पत्रा मात्र गंजून चाळणी झाला होता. आमच्या कोरड्या मुलखात दोन वर्षांत पत्रा असा सडत नाही.

पडलेला पत्रा अंगणात उलटा होता. आतून मारलेल्या पांढऱ्या रंगाचे पापुद्रे सुटले होते आणि बाईची शेळी नेमकी तिथंच चाटत होती. हाकलली की परत यायची.

खांद्याला पट्टी बांधलेली बाई उंबऱ्यात बसून म्हणाली, "कालपासनं सोडंना बगा. मिठाचा खडा टांगल्यावर अशीच चाटती."

मी दुसऱ्या टोकाचा पापुद्रा काढला, ओलं बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट.

हवालदार हसला. "साहेब, साक्षीदार तर गावला. जबाब कोण घेणार?"

जबाब तेलगावच्या पत्र्याच्या दुकानदाराचा घेतला. दारात पुढाऱ्याबरोबरचा फोटो टांगलेला. "बसा साहेब, चहा घ्या. सगळा कंपनीचा नवा माल हाय." मी थिनरमध्ये फडकं भिजवून एका नव्या कोऱ्या पत्र्यावर घासलं. निळा रंग निघाला, खाली पुट्टीनं बुजवलेली जुनी भोकं दिसली.

"ही भोकं कंपनीतनंच पडून येतात काय?"

तासाभरात तो बोलला. समुद्रकाठच्या घरांवरून उतरवलेले पत्रे भंगारात घ्यायचे, घासायचे, रंगवायचे आणि नवे म्हणून इकडे विकायचे. खाऱ्या वाऱ्याचं मीठ पत्र्यात भिनलेलं असायचं, वरचा रंग ते झाकायचा, आतून गंज चालूच राहायचा. वर मलाच म्हणतो, "आपल्याकडं समुद्र कुठंय साहेब? वाटलं, टिकंल." निनावी फोनही त्याचाच होता. पत्रा पडल्याचं कळताच त्यानं दुसऱ्याचं नाव पुढं केलं आणि मी ते उचललं.

माल जप्त झाला, दुकानदाराला अटक झाली, बाईला त्याच्याकडून नवा पत्रा मिळाला. कागदोपत्री तपास उत्तम. पण वेल्डरला मी ठाण्याच्या मागच्या दारानं सोडलं. कारण? माझी चूक दिसू नये म्हणून. दुसरं कोणतंही नाही.

धरलेला सगळ्यांनी बघितला, सोडलेला कुणीच नाही. पुढं त्याला छताचं एकही काम मिळालं नाही. "हाच तो, पत्रा पाडणारा," असं आजही चहाच्या टपरीवर म्हणतात. उत्तम कारागीर गेटच्या बिजागऱ्या जोडत बसलाय. पोलीस चुकतात यापेक्षा चूक चारचौघांत करून दुरुस्ती गुपचूप करतात, हे वाईट. या प्रकरणानं मला एवढंच शिकवलं, आणि तेही उशिरा.

म्हणून हे चारचौघांत लिहितोय: तो निर्दोष होता. त्या दिवशी बाजारात तुम्ही उभे असाल, तर तुमच्यावरही काम आहे. नवा पत्रा घेताना उलटा करून बघा, भोकं शोधा. आणि तो बसवायला त्यालाच बोलवा. पुढच्या दारानं.